बोलावणं आलं नाही : खानदेशातल्या एका जिनिंगचं प्रकरण

कामावरून काढलं असं कोणी कोणाला म्हटलं नाही. नोटीस लागली नाही, हिशेब झाला नाही, मोर्चा निघाला नाही. २००६ च्या दसऱ्यानंतर धरणगाव-एरंडोलच्या पट्ट्यातली एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, नेहमीसारखी सुरू झाली, पण मुकादम वस्तीत फिरकला नाही. त्या वस्तीतल्या काही बाया वीस-वीस हंगाम तिथे मशीनवर कापूस टाकत होत्या. आठ दिवस त्यांनी वाट पाहिली. मग दोघीतिघी फाटकापर्यंत जाऊन आल्या. आतून मशिनांचा आवाज येत होता आणि वॉचमन ओळखीचा होता. तो म्हणाला, आता वरून पाइपानंच कापूस येतो.

मी तेव्हा जळगावला एका वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करत होते. या बायांपैकी काही जणी आमच्याकडे आल्या, म्हणून हे प्रकरण मला कागदांसकट माहीत आहे. कारखान्याचं आणि माणसांची नावं देत नाही. त्यांच्यात जी थोरली होती तिला सगळे आक्का म्हणत, मीही तेच म्हणते. यंत्रानं बायांचं काम खाल्लं, असं या गोष्टीबद्दल गावात सांगतात. ते खोटं नाही, पण त्यानं गोष्ट पुरी होत नाही. काम जाताना त्यांना एक पैसाही का मिळाला नाही, याचं उत्तर यंत्रात सापडत नाही. ते हजेरीच्या पुस्तकात सापडतं. मला सांगायचंय ते तेवढंच.

कापूस टाकण्याचं काम

शेतातून येतो तो सरकीसकट कापूस. त्यातून सरकी वेगळी करून रुई काढायची आणि रुई दाबून गठाण बांधायची, हे जिनिंग-प्रेसिंगचं काम. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एक गठाण १७० किलोची. आपल्याकडे या कामाला डबल रोलर मशीन वापरतात. खरखरीत चकत्या दाबून बनवलेले दोन रोलर, त्यांना खेटून बसवलेली स्थिर सुरी आणि झपाट्यानं मागेपुढे हलणारी दुसरी पट्टी, एवढा त्याचा मामला. रोलर तंतू धरून ओढतो, स्थिर सुरी सरकी अडवते, हलती पट्टी तिला झटकून खाली पाडते. १८४० मध्ये अमेरिकेत मॅकार्थी नावाच्या माणसानं रोलरच्या जिनिंगची ही रीत काढली. आजची मशिनं त्याच रीतीवर चालतात.

या मशीनला कापूस बदाबदा ओतून चालत नाही. रोलरच्या पूर्ण लांबीभर तो सारखा पसरून, सुटा होऊन यावा लागतो. कमी पडला तर रोलर आणि सुरी एकमेकांवर नुसती घासत राहतात आणि जागा तापते. जास्त पडला तर मशीन गुदमरतं आणि सरकी फुटते. फुटलेल्या सरकीचे तुकडे रुईत गेले की भाव पडला. म्हणून मशीनमागे बाई उभी असायची. पाठीशी कापसाचा ढीग. दोन्ही हातांनी उपसायचा, झटकून सुटा करायचा, तोंडाशी सारखा पसरत राहायचा. या जिनिंगमध्ये २४ मशिनं दोन रांगांत होती आणि दोन मशिनांमागे एक बाई असे. शिवाय यार्डातून पाट्यांनी कापूस आणणाऱ्या, सरकी ओढणाऱ्या, ढिगात कवडी (नीट न फुटलेला, किडका कापूस) आणि पत्ती (वाळक्या पानांचा कचरा) निवडणाऱ्या बाया वेगळ्या. रुई प्रेसकडे नेणारे आणि प्रेसच्या पेटीत उतरून ती पायानं तुडवणारे पुरुष असत. रात्रपाळीत कापूस टाकायलाही पुरुषच असत, कारण कारखाना कायद्यानं बायांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला मनाई होती.

आक्कानं मला एकदा हातानं दाखवलं होतं. समोर मशीन नव्हतं, घरातला कापूस होता. मूठ भरून घेतली आणि मूठ उघडतानाच बोटं अशी फिरवली की गोळा सुटून पट्टी झाली. मग म्हणाली, दुपारनंतर डोळे लागत नाहीत या कामाला, बोटांनाच कळतं. ओला कापूस हाताला गार लागतो आणि जड येतो. तो रोलरला गुंडाळला की मशीन बंद, आणि रोलर साफ करेपर्यंत फिटरची बोलणी खायची. म्हणून ओला लागला की तो मागे टाकायचा, उन्हात धाडायचा. खडा किंवा खिळा बोटांत आला तर लगेच काढायचा, कारण तो सुरीत अडकून ठिणगी पडली तर रुई पेटायला किती वेळ लागतो? जिनिंगला आग लागल्याच्या बातम्या खानदेशात दर हंगामात वाचायला मिळतात. ज्या बाईनं दिवसभरात चार खडे वेचून काढले तिची नोंद कुठेच होत नसे. टळलेल्या आगीची नोंद कोण कुठे करतं?

आणि धूळ. दारं-खिडक्या उघड्या असल्या तरी आत पांढरं धुकं असायचं. भुवया, पापण्या, कपाळ पांढरं. तोंडाला पदर, डोक्याला फडकं. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, दोन-तीन दिवसांनी सैल पडायची, हे आक्कानं मला सहज, तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं हे अगदी पहिलं लक्षण आहे. तो आजार कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. त्या बायांपैकी कोणाची छाती त्यासाठी कधी तपासली गेली होती, असा एकही कागद मला मिळाला नाही.

तेव्हा हे काम फार सुंदर होतं आणि यंत्रानं ते हिरावलं, असं मी लिहिणार नाही. आक्काही तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "धूय खाई-खाई छाती भरी जाये. पन शनवारले पैसा हातमा ये." तिच्या हिशेबात या दोन गोष्टी शेजारी-शेजारी होत्या. शेतातली मजुरी आज आहे, उद्या नाही. जिनिंग दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत चालायची, सलग पाच महिने, आणि दर शनिवारी हप्ता. किराणा दुकानदार उधारी देताना जिनिंगच्या बाईला नाही म्हणत नसे. वहीत तिच्या नावापुढे तो 'जिनवाली' असं लिहायचा. दुकानात स्वतःच्या नावावर वही असणं, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर नाही, याची किंमत त्या वस्तीत कोणालाही विचारा.

मशीन का आलं

मालकाला दुष्ट ठरवून हे प्रकरण मांडणं सोपं आहे आणि चूक आहे.

खानदेशात कापूस जुना. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला, मुंबईत भाव चढले, त्याच दशकात रेल्वे या भागात आली, आणि पुढे तालुक्या-तालुक्याला जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. त्याआधी घरोघरी बायाच हातयंत्रावर सरकी काढत. वाफेच्या जिनिंगनं त्यांचं ते काम नेलं आणि त्यांच्या लेकी-सुनांना मशीनमागे उभं केलं. म्हणजे कामाचं यंत्राकडे जाणं या घराण्यांत पूर्वीही एकदा होऊन गेलेलं होतं. फरक इतकाच की त्या वेळी यंत्रालाही हात लागत होते.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणेनंच विकत घ्यायचा. जिनिंगवाले बहुतांशी ही खरेदी करणाऱ्या पणन महासंघाचा कापूस ठरावीक दरानं जिनिंग करून द्यायचे. दर बांधलेला, माल ठरलेला, मग नवं यंत्र घेण्याची निकड कोणाला? मशिनं जुनी, शेड जुनी, कापूस यार्डात मातीवर पडलेला. देशभरच्या गिरण्यांची ओरड एकच होती : भारतीय रुईत कचरा फार, आणि कचऱ्यापेक्षा वाईट म्हणजे केस, सुतळी, प्लास्टिकचे धागे, गुटख्याच्या पुड्या. रुईतला एक केस कापडापर्यंत जातो आणि रंग दिल्यावर दिसतो. केंद्र सरकारनं २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्याचे चार भाग होते आणि चौथा भाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचा. त्यातून यंत्रांसाठी अनुदान मिळू लागलं. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुक बदललेल्या बियाण्याला, परवानगी मिळाली, पुढच्या काही वर्षांत कापसाची आवक फुगली. त्याच सुमारास एकाधिकार योजना सैल झाली आणि व्यापारी खरेदीत उतरले. खानदेशचा शेतकरी गुजरातच्या सीमेपाशीच बसलेला, भाव चांगला मिळाला तर कापूस तिकडे जातो. अशा वेळी जुन्या मशिनांवर बसून राहिलेल्या कितीतरी जिनिंग बंद पडल्या, त्यांच्या जागांवर गाळे आणि कॉलन्या उठल्या. आमच्या प्रकरणातल्या मालकानं मशीन घेतलं नसतं तर दोन-चार वर्षांत फाटकाला कुलूप लागलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बायांचं काम तरीही गेलंच असतं आणि फिटरचंही गेलं असतं.

नव्या व्यवस्थेत यार्डातला कापूस हवेच्या ओढीनं पाइपातून वर जातो. वाटेत खडे आणि लोखंड वेगळं करणारे सापळे असतात. मग काट्यांच्या फिरत्या सिलिंडरांचा क्लीनर तो सुटा करून पत्ती झाडतो. तिथून पट्ट्यावरून प्रत्येक मशीनच्या डोक्यावर बसवलेल्या ऑटोफीडरमध्ये. मशीनच्या मोटारवर भार किती येतोय ते पाहून फीडर कापूस कमी-जास्त सोडतो. सरकी खालून पट्ट्यानं बाहेर, रुई दुसऱ्या पट्ट्यानं थेट प्रेसमध्ये, आणि तिथे तुडवायला हायड्रॉलिक. कापसाला माणसाचा हात लागत नाही, हीच त्याची जाहिरात.

दोन रांगा

आदल्या हंगामाच्या शेवटी, होळीच्या आसपास, मालकानं एका रांगेला फीडर बसवून पाहिले होते. दुसऱ्या रांगेवर बाया होत्याच. काही आठवडे दोन्ही रांगा समोरासमोर चालल्या. या आठवड्यांबद्दल मी आक्काकडून ऐकलं, फिटरकडून ऐकलं, आणि मालकाच्या मुनिमाकडूनही ऐकलं. तिघांचं सांगणं जुळतं.

पहिले काही दिवस यंत्राची रांग सारखी बंद पडत होती. हंगामाच्या शेवटचा फरदडीचा (जुन्या झाडांवर पुन्हा आलेला) कापूस, त्यात कवडी भरपूर, आणि मधे एकदा अवकाळी शिंतोडे येऊन गेलेले. ओला कापूस फीडरला ओळखता येत नव्हता. तो मुकाट आत सोडायचा आणि रोलरला वेटोळं बसायचं. फिटर शिडी लावून वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. बायांची रांग मात्र चालू. सांगताना आक्काच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी अभिमान म्हणेन. त्या दिवसांत मुनीमच बायांच्या रांगेपाशी येऊन विचारून गेला, कोणत्या ढिगातला कापूस ओला आहे ते सांगा. त्यांनी सांगितलं. कोणता ढीग उन्हात पसरायचा, कोणता रात्रीपुरता राखायचा, कशात खडे जास्त आहेत, सगळं सांगितलं. यार्डातच ढीग वेगळे लागू लागले, आणि यंत्राची रांग सुरळीत चालायला लागली.

इथे मी थांबते, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचणारी जागा हीच आहे. यंत्राला जे कळत नव्हतं ते बायांनी पुरवलं, आणि ते कारखान्याच्या रीतीचा भाग झालं : ढीग ओलाव्याप्रमाणे लावायचे. पुढे ओलावा मोजायचं मीटर आलं. बायांचं ज्ञान वाया गेलं नाही, ते कारखान्यात राहिलं. बाया बाहेर गेल्या. त्या सांगण्याचा कोणी मोबदला मागितला नाही, कोणी देऊ केला नाही, आणि आक्काला आजही त्यात मागण्यासारखं काही होतं असं वाटत नाही.

एकदा सुरळीत झाल्यावर यंत्राशी बरोबरी नव्हती. बायांच्या रांगेचा वेग दुपारी चारनंतर उतरायचा, यंत्राचा नाही. रात्रीच्या पाळीला तर फरक आणखी वाढायचा. आणि रुईत केस येत नव्हते.

हजेरीपुस्तक

आक्का आणि तिच्याबरोबरच्या बाया आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता. इतकी वर्षं राबलो, आता काही मिळतं का? आक्का म्हणाली, "आमले कोणी काढं नही, ताई. बलावं नही, इतलंच." कायद्याच्या दृष्टीनं सगळा पेच याच वाक्यात होता.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात यंत्रसामग्रीत अशी सुधारणा करायची असेल की जिच्यामुळे कामगारकपात होईल, तर आधी नोटीस द्यावी लागत असे, आणि ती दिल्यापासून २१ दिवस तो बदल करता येत नसे. कपात केली तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई. ऐकायला चांगलं आहे. पण भरपाईसाठी सलग सेवेचं वर्ष लागतं, आणि ते मोजण्याची नेहमीची कसोटी बारा महिन्यांत २४० दिवस काम. जिनिंगचा हंगामच पाच महिन्यांचा. हंगामभर एकही खाडा न करता राबलेली बाई दीडशे दिवसांच्या आसपास अडकते. वीस वर्षं काम करूनही तिचं एक 'वर्ष' पुरं होत नाही.

शिवाय हंगाम संपल्यावर काम थांबणं म्हणजे कपात नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात १९९५ मध्ये म्हटलेलं होतं. मालकाच्या वकिलांनी तेच पुढे केलं. पण त्याच निकालात पुढे एक आदेश आहे, जो फार कमी लोक वाचतात : कारखान्यानं हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी, नवा हंगाम सुरू होताना आजूबाजूला तशी जाहिरात द्यावी, आणि ज्येष्ठतेप्रमाणे कामावर घ्यावं. आमच्या वकिलांनी हे बोट ठेवून दाखवलं. अडचण अशी की ज्येष्ठता दाखवायला नोंद लागते, आणि नोंद मुकादमाच्या खिशात होती.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम सुटताना केलेल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेचा, कायदा मात्र हंगामी माणसाला ओळखत होता. १९७२ च्या या कायद्यात हंगामी कारखान्यासाठी वेगळी मोजणी होती. कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस काम केलं की तो हंगाम धरला जात असे. म्हणजे १५० दिवस चालला तर ११३ दिवस. असे पाच हंगाम झाले की हक्क तयार, आणि दर हंगामामागे सात दिवसांचा पगार. समजा शेवटचा रोज ७० रुपये होता आणि हंगाम १८ झाले, तर ४९० गुणिले १८, म्हणजे ८,८२० रुपये. मोठी रक्कम नाही. पण २००६ मध्ये त्या वस्तीत तेवढ्यात एका घरावर पत्रे पडत होते. त्याहून महत्त्वाचं, कामगारानं अर्ज करो न करो, रक्कम ठरवून कळवायची जबाबदारी कायद्यानं मालकावरच टाकलेली होती. हे त्या बायांना कोणी कधीच सांगितलं नव्हतं.

अर्ज केला. उत्तर आलं की या बाया आमच्या नाहीत, मुकादमाच्या आहेत. हजेरीपुस्तक मागवलं. त्यात एकाच बाईचं नाव एका हंगामात माहेरचं, दुसऱ्यात सासरचं, तिसऱ्यात नवऱ्याच्या नावानं 'अमक्याची बायको'. काही हंगामांत तर पानच्या पानं एका हस्ताक्षरात एका दिवसात भरलेली, शाईसुद्धा तीच. आक्काचं नाव मधल्या काही हंगामांत कुठेच नव्हतं. ती म्हणाली, त्या वर्षांत मुकादमानं स्वतःच्या भावजयीचं नाव घातलं होतं, पैसे मला देत होता. पैसे मिळत होते म्हणून कोणी हरकत घेतली नाही, आणि घ्यायची असते हे तरी कुठे माहीत होतं?

वाट निघाली ती बोनसच्या वहीतून. १९६५ च्या बोनस कायद्याला वर्षात ३० दिवसांचं काम पुरत असे. बोनस वाटताना मुनीम प्रत्येकीचा अंगठा घेत असे, कारण रोकड द्यायची होती आणि त्याला स्वतःचा हिशेब जुळवायचा होता. त्या वहीत नाव कसंही असो, अंगठा खरा होता. वही हजर झाली आणि मालकाच्या बाजूचा सूर बदलला. ज्यांचे अंगठे पाच किंवा जास्त हंगाम सलग सापडले त्यांना तडजोडीत रक्कम मिळाली, कायद्यानं निघत होती त्याहून कमी. बाकीच्यांना काही नाही. आक्काला मिळाली, पण मधले हंगाम गळाल्यामुळे निम्म्यानं. तिनं घेतली आणि किराणा दुकानाची उधारी आधी चुकती केली.

तडजोड करायला नको होती, पुढे लढायला हवं होतं, असं मला नंतरही अनेकांनी सांगितलं. सांगणाऱ्यांना तारखेला येण्यासाठी मजुरी बुडवावी लागत नव्हती.

फिटर राहिला

त्याच जिनिंगमध्ये फिटर टिकला, आजही त्याचा मुलगा तिथे आहे. त्याचं कामही बदललं. पूर्वी एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी मशिनं फिरत. पट्टे शिवणं, सुरीचं अंतर लावणं, झिजलेल्या रोलरला पुन्हा खाचा पाडणं त्याच्याकडे होतं. नव्या व्यवस्थेत प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटार आली आणि कोपऱ्यात पॅनेल आलं. यंत्र बसवायला आलेल्या माणसांनी फिटरला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला शेजारी बसवून पॅनेल शिकवलं. फिटर सातवी शिकलेला. बायांमध्ये दोघी दहावी पास होत्या, नव्यानं लग्न होऊन आलेल्या. त्यांना शिकवावं असं मालकाला, यंत्रवाल्यांना, फिटरला, वस्तीतल्या कोणालाच सुचलं नाही. मी मालकाला हे विचारलं तेव्हा तो गडबडला नाही की चिडला नाही. खरोखर विचारात पडला आणि म्हणाला, त्यांना काम कापूस टाकायचं होतं ना.

मला वाटतं, यंत्र येताना कोण राहतं आणि कोण जातं हे बऱ्याचदा इथेच ठरतं. फिटरचं काम मशीनचं समजलं गेलं आणि बायांचं काम कापसाचं. पण मशीनचा आवाज बदलला की आधी ओळखायच्या त्याच. ते फिटरनंच मला सांगितलं.

त्यानंतर

वस्तीतल्या बहुतेक जणी शेतमजुरीला लागल्या. कापूस वेचणी किलोवर असते. गेल्या काही वर्षांत वेचणीचे दर चढले, मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी रिक्षा घेऊन दारात येतो. वेचणीचं यंत्र आपल्याकडे अजून चालत नाही, कारण आपला कापूस एकदम फुटत नाही आणि शेतं लहान. तेव्हा जी बाई पूर्वी कापूस मशीनमध्ये टाकत होती ती आता त्याच कापसाच्या आदल्या टप्प्यावर उभी आहे. छायेत नाही, उन्हात. आक्काला तेही जमेना, गुडघे आणि दम दोन्ही आड आले.

तिची सून दोन-तीन जणींबरोबर जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलला जाऊ लागली. जळगाव डाळीसाठी देशात नाव असलेलं गाव. तिथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या डाळीतून काळे दाणे, खडे, टरफल वेचायला बाया बसत. काही वर्षांत तिथे सॉर्टेक्स आलं. कॅमेरा दाण्याचा रंग पाहतो आणि हवेचा फटकारा नको तो दाणा उडवतो. सून घरी आली ती अगदी सासूसारखी : काढलं नाही, ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका, लागलं तर फोन करतो.

मधल्या काळात कायदे बदलले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनःकौशल्य निधीची, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या पैशांची, तरतूद आहे : कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात मालकानं १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम द्यायची. पण शब्द पुन्हा तोच आहे, कपात झालेला. ज्याला फक्त बोलावलं गेलं नाही तो पुन्हा बाहेर. हंगामामागे सात दिवसांची ग्रॅच्युइटी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, पण ती मागायला हंगाम सिद्ध करावे लागतात. २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. सुनेकडे ते कार्ड आहे. त्यावर ती काय काम करते हे आहे. कोणाकडे आणि किती दिवस केलं हे नाही.

नंदुरबारला मिरचीच्या हंगामात अजूनही बाया ओळीनं बसून देठ खुडतात. हाताची आग होते, डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि मजुरी किलोवर. देठ काढणारी यंत्रं बाजारात आहेत. ती तिथे येतील की नाही, कधी येतील, हे मिरचीचा भाव आणि मजुरीचा दर ठरवेल. यंत्र थांबवा असं मी तिथे कोणाला सांगत नाही. माझं तिथल्या बायांशी बोलणं चालू आहे ते एवढ्यापुरतं : प्रत्येकीनं स्वतःची एक वही ठेवावी, नाव आधारवर आहे तसंच लिहावं, रोजचे किलो आणि तारीख टाकावी, आणि आठवड्याला पैसे देताना देणाऱ्याची सही किंवा मोबाईलवरून आलेल्या पैशांची नोंद जपावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या शाळेत जाणाऱ्या पोरी भरतात. काही व्यापाऱ्यांनी सही द्यायला नकार दिला आहे, दोघांनी मात्र दिली. या हंगामापासून एका वखारीत वजनाच्या चिठ्ठीवर बाईचं पूर्ण नाव छापून मिळतं. पूर्वी तिथे फक्त ढिगाचा नंबर असायचा.